ओला, सुका आणि मोबाइलमधलं ॲप : सांगलीकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडीचा आवाज आला की पंधरा-वीस घरांची दारं एकदम उघडतात. कुठल्या डब्यात काय टाकायचं हे शेजारपाजारच्यांना समजावून सांगायचं काम मी गेली काही वर्षं आवडीनं करते. सुरुवातीला प्रश्न असायचे ते अंड्याच्या टरफलांचे आणि नारळाच्या शेंड्यांचे. आता कुणी लेकीच्या गावाला जाऊन येतं, तिथल्या दारावर चिकटवलेला कोड पाहून येतं आणि विचारतं, "ताई, हे काय असतंय? आपल्या कचऱ्याशी मोबाइलचा काय संबंध?" असे प्रश्न वाढत गेले, म्हणून ते उत्तरांसह इथं एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत. त्या प्रश्नांवर लोक खरोखर अडलेले असतात.

गाडी रोज येतेच. मग नगरपालिका ॲप कशाला काढते?

गाडी कचरा उचलून नेते, पण कचरा वेगळा व्हायचा तर तो आपल्या ओट्यावरच व्हायला लागतो. भाजी चिरताना देठ एका डब्यात आणि भाजीची पिशवी दुसऱ्या डब्यात गेली तरच पुढचं सगळं जमतं. तिथं नगरपालिकेचा माणूस उभा राहू शकत नाही. मोबाइल मात्र ओट्यावरच असतो, म्हणून हा खटाटोप.

त्याला कायद्याचीही बाजू आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणं सगळ्यांवर बंधनकारक केलं. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या नियमांत चार भाग आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. जुनी औषधं, बॅटऱ्या, बल्ब, रंगाचे डबे हे सगळं चौथ्यात येतं. नियम कागदावर आला म्हणून हात लगेच तसा वळत नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या पाच लाखांवर होती. एवढ्या घरांना रोज आठवण करून द्यायला, त्यांचं ऐकून घ्यायला आणि गाडी खरंच गेली का हे बघायला ॲप हे एक साधन आहे. ते साधनच आहे, त्यापेक्षा जास्त अपेक्षा त्याच्याकडून करू नये असं माझं मत आहे. का, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

अशा ॲपमध्ये असतं तरी काय?

शहराशहरांत फरक असतो, पण साधारण पाच गोष्टी दिसतात. फोटो काढून तक्रार करायची सोय, गाडी कुठवर आली ते दाखवणारा नकाशा, आज कुठला कचरा द्यायचा याची आठवण, एखादी वस्तू कुठल्या डब्यात जाते ते शोधायची यादी, आणि काही ठिकाणी गुण किंवा बक्षीस. सगळ्यात पाचही असतीलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी पहिली एकच असते.

'स्वच्छता' ॲप ते हेच का?

हो, पण ते एका शहराचं नाही. केंद्राच्या शहरी विकास मंत्रालयानं (आताचं गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालय) २०१६ साली ते देशभरासाठी आणलं. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, तक्रारीचा प्रकार निवडायचा आणि फोटो काढायचा. कचऱ्याचा ढीग, गाडी आली नाही, झाडलोट झाली नाही, मेलेलं जनावर, सार्वजनिक शौचालयात पाणी नाही, असे प्रकार त्यात आधीच दिलेले असतात. फोटोसोबत जागा आपोआप नोंदली जाते आणि तक्रार त्या भागाच्या स्वच्छता निरीक्षकाकडं जाते.

'तेव्हा पालिकेची माणसं घरोघरी येऊन ॲप घ्या-ॲप घ्या का म्हणत होती?' असंही पुष्कळ जण विचारतात. स्वच्छ सर्वेक्षण म्हणजे केंद्राकडून होणारी शहरांच्या स्वच्छतेची क्रमवारी, तिच्या सुरुवातीच्या वर्षांत ॲप किती जणांनी घेतलं, किती जण वापरतात आणि तक्रारी किती सुटल्या याला गुण होते. त्यामुळं शहरांनी ते मनावर घेतलं. पण गुणांपुरतं घेतलेलं ॲप चार दिवसांनी मोबाइलमधून निघून जातं. जे टिकलं ते ज्याची एक तरी तक्रार खरोखर सुटली त्याच्याकडं टिकलं.

तक्रार केली, 'निराकरण झाले' असा मेसेज आला, आणि कचरा तिथंच. आता काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शहरात भाड्यानं राहत होते. आमच्या कोपऱ्यावर विजेच्या डीपीखाली रोज ढीग साचायचा. तीनदा फोटो काढून तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत लख्ख झाडलेल्या कोपऱ्याचा फोटो. मला आधी आनंद झाला. मग नीट बघितलं तर फोटोतली भिंत पिवळी होती. आमच्या डीपीमागं काळ्या दगडाची भिंत होती. दुसऱ्याच कुठल्या तरी जागेचा फोटो लावून माझी तक्रार बंद केली होती. त्यानंतर दीड वर्ष मी ॲप उघडलं नाही. त्याहून वाईट म्हणजे घरात वेगळे ठेवलेले डबेही त्या काळात सैल झाले. एका खोट्या फोटोनं एवढं होतं.

असं होण्याचं कारणही समजून घ्यायला हवं. तक्रारीला मुदत असते. मुदत संपली तर निरीक्षकाला वर उत्तर द्यावं लागतं. वरचे लोक बघतात ते 'किती तक्रारी बंद झाल्या' हा आकडा, त्यामुळं ढीग उचलण्यापेक्षा तक्रार मिटवणं हेच काम होऊन बसतं. तक्रारदारानं 'झालं' म्हटल्याशिवाय तक्रार बंदच होऊ नये, एवढी एक गोष्ट केली तरी पुष्कळ बदलेल.

आपल्या हातात जे आहे ते असं. फोटोत हलणार नाही अशी खूण येऊ द्या : दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा नंबर, देवळाची पायरी. एका तक्रारीत एकच जागा टाका. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. काम झालं नसेल तर 'असमाधानी' असं नोंदवा, गप्प बसू नका. गप्प बसलं की ते मान्य धरलं जातं. त्यानंही नाही झालं तर प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार करता येते. शेवटी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच : माझी अमुक क्रमांकाची तक्रार कुठल्या तारखेला, कुणी, कुठल्या पुराव्यावर बंद केली, एवढंच विचारायचं.

आणि काम झालं असेल तर तेही नोंदवा. आभाराचे दोन शब्द लिहिले तर ते वाचणारा माणूसच असतो.

दारावर क्यूआर कोड लावतात तो कशासाठी?

प्रत्येक घराला एक कोड देतात. गाडीवरचा कर्मचारी कचरा घेताना तो आपल्या मोबाइलवर स्कॅन करतो. त्यातून अमुक घरी अमुक वाजता गाडी गेली एवढं नोंदवलं जातं. काही शहरांत कोडाऐवजी आरएफआयडीची छोटी चकती असते, तिच्याजवळ यंत्र नेलं की नोंद होते. संध्याकाळी कार्यालयातल्या पडद्यावर कुठली घरं राहून गेली त्याची यादी दिसते.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, नुसत्या स्कॅनवरून गाडी आली होती एवढंच कळतं, कचरा वेगळा दिला का ते कळत नाही. त्यासाठी कर्मचाऱ्याला 'वेगळा', 'मिश्र', 'दिला नाही' असं बटण दाबावं लागतं. एका गल्लीत साठ दारं असतील आणि दोन्ही हातांत डबे असतील तर ते बटण किती वेळा विचार करून दाबलं जाणार? दुसरी, छापील कोडाचा फोटो काढता येतो. सगळ्या कोडांचे फोटो एका जागी बसून स्कॅन केल्याचे प्रकार घडले आहेत, म्हणून स्कॅनची जागा जुळते का हे तपासावंच लागतं. तिसरी, ही सगळी व्यवस्था खरं तर गाडीवर लक्ष ठेवण्यासाठी बनलेली आहे, घरातल्या सवयीसाठी नाही. सवयीसाठी वापरायची असेल तर ती माहिती परत घराकडं यायला हवी. 'या महिन्यात तुमच्याकडून सव्वीस दिवस वेगळा कचरा मिळाला' असा मेसेज आला तर घरातली पोरंसुद्धा वाचतात. ही माहिती कार्यालयातच राहिली तर ओट्यावर काही फरक पडत नाही.

आम्ही जीव ओतून वेगळा करतो आणि गाडीत सगळं एक होतं, असं दिसलं तर?

तर तुमचा राग रास्त आहे. 'तरी तुम्ही करत राहा' असं मी कुणाला कोरडं सांगणार नाही.

आधी जरा थांबून बघा. पुष्कळ गाड्यांत मधे पत्र्याचं विभाजन असतं, एका बाजूला ओला आणि दुसऱ्या बाजूला सुका. खालून बघताना ते दिसत नाही आणि एकत्रच टाकला असं वाटतं. मी एकदा गाडीवरच्या दादांना विचारलं तेव्हा त्यांनी मला वर चढून बघायला सांगितलं. मधे पत्रा होता, पण ओल्याच्या बाजूला वरपर्यंत काळ्या पिशव्या होत्या. ते म्हणाले, "ताई, तुमचं डबं बरोबर असतंय, पर पिशवीत गाठ मारून देत्यात त्येचं काय करू? फोडून बघत बसलो तर दुपार हुती." गाठ मारलेली एक पिशवी गेली की त्या कप्प्यातल्या वीस घरांच्या कष्टांवर पाणी पडतं. म्हणून ओला कचरा कधीही पिशवीत देऊ नका. डब्याच्या तळाला वर्तमानपत्राचा कागद घाला, डबा गाडीत उलटा करा आणि घरी आणून धुवा.

विभाजनच नसेल आणि खरोखर एकत्र होत असेल, तर फोटो काढून तक्रार करा. ही तक्रार ढिगाच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे असं मी मानते. ढीग एक दिवस राहतो, पण गाडीत एकत्र झालेलं बघून माणूस कायमचा वेगळं करायचं सोडतो. मग कितीही चांगलं ॲप आणा, त्याच्या सूचनेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

एकत्र झाल्यानं काय बिघडतं तेही सांगते. आपला कचरा जातो तो समडोळी रोडच्या आणि बेडग रोडच्या डेपोंकडं. ओला कचरा हवेशीर पसरला, त्यात वाळका पाला मिसळला, तर त्याचं खत होतं. तोच प्लास्टिकखाली दाबला गेला की हवा मिळत नाही, आतून सडतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा अठ्ठावीस पटींच्या आसपास जास्त उष्णता धरून ठेवतो. उन्हाळ्यात कचरा डेपो पेटतात ते बऱ्याचदा यामुळंच. त्या धुरात राहतात ती आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं. त्यांनी तो कचरा केलेला नसतो.

सारख्या सूचना येतात, कंटाळा येतो. बंद करू का?

रोज 'स्वच्छता राखा' असं येत असेल तर खुशाल बंद करा, त्यातून कुणाची सवय बदलत नाही. पण 'गाडी पाच मिनिटांत तुमच्या गल्लीत' ही सूचना चालू ठेवा. ती नेमक्या क्षणी नेमकं काम करायला लावते. कोपऱ्यावर कचरा का पडतो? निम्म्या वेळेला गाडी चुकलेली असते आणि कामावर जाणाऱ्या माणसाला पिशवी घरात ठेवायची नसते.

तैवानमधल्या तैपेईत कचऱ्याची गाडी आपल्या घंटागाडीसारखीच सूर वाजवत येते आणि लोक स्वतः खाली येऊन कचरा गाडीत टाकतात. तिथं गाडी कुठं आहे ते मोबाइलवर बघता येतं. शिवाय २००० सालापासून कचरा पालिकेच्या विकतच्या पिशवीतूनच द्यावा लागतो, आणि पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तू वेगळ्या दिल्या तर त्यांना पैसे पडत नाहीत. गाडीची वेळ पक्की आणि वेगळं करण्यात थेट फायदा, या दोन्ही गोष्टी तिथं बरोबर आल्या. नुसता नकाशा दाखवून तेवढं साधलं नसतं.

गल्ल्यांची तुलना, 'स्वच्छ प्रभाग' असले क्रमांक याचा उपयोग होतो का?

होतो, पण जपून केला तर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ला व्हर्न या गावात एक प्रयोग झाला, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. घरांच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्या. काहींवर फक्त माहिती किंवा विनंती होती, तर काहींवर तुमच्या आसपासच्या लोकांनी या आठवड्यात किती वस्तू वेगळ्या दिल्या ते लिहिलेलं. आकडे मिळाले त्या घरांतून वेगळा कचरा वाढला. शेजारी करतात हे कळलं की आपणही करतो, आणि त्यासाठी मोबाइल लागला नाही, कागदाची चिठ्ठी पुरली.

आपल्याकडं ही ईर्षा जुनीच आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं कऱ्हाड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिलं आलं, २०२२ मध्ये पाचगणी. ती बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीतली एक आजी म्हणाली, "कऱ्हाडला जमतंय तर आपल्याला का नाही?" मला ते फार आवडलं. पण घराचं नाव घेऊन चव्हाट्यावर आणायला माझा सक्त विरोध आहे. कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणी रात्रपाळी करतं. गल्लीची तुलना करा, घराची नको.

बक्षीस किंवा करात सवलत मिळते का?

काही शहरं देतात. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक केलं तर मालमत्ता करातल्या सर्वसाधारण करात पाच टक्के आणि दोन केली तर दहा टक्के सवलत आहे. आपल्याकडं काय आहे ते करविभागात विचारा, बिल भरायच्या आधी विचारा.

ॲपमधले गुण आणि कूपन यांवर माझा फारसा भर नाही. कूपन संपलं की उत्साह संपतो. करातली सवलत वेगळी, कारण ती दरवर्षी येते.

मग दंडच का नको?

दंडाची तरतूद नियमांत आहेच, आणि रात्री टेम्पोनं येऊन मोकळ्या प्लॉटवर राडारोडा टाकणाऱ्याला तो व्हायलाच पाहिजे. पण घराघरांवर दंड लावताना विचार करावा. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला. उशिरा येणारे वाढले! पूर्वी बाईंना थांबावं लागतं याची लाज वाटायची, आता पैसे भरतोय म्हणून मन मोकळं झालं. कचऱ्याचंही तसं होऊ शकतं. पन्नास-शंभर रुपये भरले की मिश्र द्यायची मुभा मिळाली असं वाटायला लागतं.

दक्षिण कोरियानं निराळा मार्ग धरला. तिथं १९९५ पासून जितका कचरा तितके पैसे. २००५ पासून खरकटं जमिनीत पुरायला बंदी. पुढं २०१३ पासून खरकट्याचेही मापानं पैसे. अनेक इमारतींखाली वजन करणारे डबे आहेत : कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, वजन होतं, बिल होतं. आता त्यांचं पंचाण्णव टक्क्यांच्या वर खरकटं खत, पशुखाद्य किंवा गॅस होऊन वापरात येतं. तिथल्या बायका खरकट्याचं पाणी निथळूनच टाकतात, कारण पाण्याचंही वजन धरलं जातं. निथळण्याची ही गोष्ट आपण पैशाशिवायही उचलावी. सिंकवर जाळी ठेवा आणि रात्रभर निथळू द्या, डब्याचा वास निम्म्यावर येतो.

माझ्याकडं साधा फोन आहे. मग मी यातून बाहेरच का?

अजिबात नाही, आणि कुणी तसं ठरवूही नये. गावभागात, खणभागात अशी पुष्कळ घरं आहेत जिथं दिवसभर घरी असतात त्या आजी, आणि कचरा त्याच बघतात. मोबाइल असतो तो कामावर गेलेल्या मुलाकडं. सूचना जाते त्याला आणि डबा असतो आजींपाशी. ॲप काढणाऱ्यांनी ही गोष्ट मनात धरली पाहिजे. घंटेचा आवाज, गाडीवरचा भोंगा, फोनवर तक्रार घेणारा माणूस आणि प्रभाग कार्यालयातली वही, ॲप आलं म्हणून यांतलं काही बंद करू नये.

कुठली वस्तू कुठल्या डब्यात, हे ॲप सांगू शकतं का?

सांगू शकतं, आणि मला तर ॲपचा सगळ्यात खरा उपयोग इथंच वाटतो. जपानमध्ये योकोहामा शहरानं यासाठी चॅटबॉट केला आहे : वस्तूचं नाव लिहायचं, तो कुठं टाकायची ते सांगतो. पण त्याच योकोहामाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २००३ साली त्यांनी ठरवलं की २०१० पर्यंत कचरा तीस टक्क्यांनी कमी करायचा. ते त्यांनी २००५ मध्येच करून दाखवलं. चॅटबॉट तेव्हा नव्हता. अधिकारी आणि कार्यकर्ते गल्लोगल्ली फिरले, हजारो बैठका घेतल्या, पहाटे कचऱ्याच्या जागी उभं राहून माणसांना समजावलं. चॅटबॉट नंतर आला, सवय आधीच लागलेली होती.

आपल्याकडच्या यादीत आपल्याकडच्याच वस्तू हव्यात. देवाची फुलं ओल्यात, पण हारातला दोरा आणि जिलेटिन कागद काढून. उसाची चिपाडं ओल्यातच, मात्र ती कुजायला वेळ घेतात, बारीक करून द्या. कढीपत्त्याची काडी ओल्यात. बेदाण्याचं प्लास्टिक पुसून सुक्यात. फरसाणाची चकाकणारी पिशवी सुक्यातच, पण झटकून. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे, वर ठळक खूण करून. गाडीवरचा माणूस ते हातानं उचलतो, हे विसरू नका.

आणि दुधाची पिशवी. ती फोडताना आपण कोपऱ्याचा त्रिकोण कापून टाकतो. तो नखाएवढा तुकडा सिंकमधून गटारात जातो, नाहीतर भाजीच्या देठांबरोबर ओल्या डब्यात जातो आणि खतातून शेतात पोचतो. पुन्हा गोळा करायला तो कुणाच्याच चिमटीत येत नाही. म्हणून कात्री अर्ध्यावर थांबवा, त्रिकोण पिशवीला लटकत राहू द्या. पिशवीत थोडं पाणी घालून हलवा, ते पाणी झाडाला घाला आणि पिशवी खिडकीच्या गजाला चिमट्यानं वाळत लावा. महिन्याच्या साठ पिशव्यांची छोटी गड्डी होते आणि भंगारवाले मामा ती हसत नेतात.

माझा फोटो, पत्ता, लोकेशन... हे सगळं कुणाकडं जातं?

विचारायलाच हवा असा प्रश्न. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं मूळ तत्त्व असं की ज्या कामासाठी माहिती घेतली त्यासाठीच ती वापरावी. कचऱ्याच्या ॲपला तुमचा नंबर आणि तक्रारीची जागा लागते. तुमच्या फोनमधले सगळे संपर्क कशाला लागतील? अशी परवानगी मागितली तर नाही म्हणा. लोकेशन 'ॲप वापरताना फक्त' एवढंच द्या. तक्रारीच्या फोटोत माणसांचे चेहरे, गाड्यांचे नंबर येऊ देऊ नका. आणि ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. 'कचरा कर थकला, ही लिंक उघडा' असा मेसेज आला तर उघडू नका, थेट कार्यालयात विचारा.

दारावरच्या कोडाबद्दल आणखी एक. रोज कचरा दिला जातो की नाही यावरून घर बंद आहे का ते कळतं. ती यादी कुणाकुणाला दिसते, हे विचारण्याचा हक्क रहिवाशाला आहे.

ॲपमुळं घंटागाडीवरच्या माणसांना त्रास होतो का?

होतो. स्कॅन राहिला तर जाब त्यांना, गाडी थांबली तर नकाशावर दिसते, चार्जिंग संपलं तरी बोल त्यांनाच. घर बंद होतं, कुत्रं अंगावर आलं, गल्लीत मांडव घातला होता, हे पडद्यावर उमटत नाही. ॲपमध्ये त्यांनाही तक्रार नोंदवायची सोय हवी : या घरानं काच उघडी टाकली, या इमारतीनं सुई दिली.

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा घेते. तिथल्या बायकांना कुठल्या घरात काय चुकतं ते नावानिशी ठाऊक असतं आणि त्या दारातच सांगतात. तसं सांगणारा माणूस दारात टिकला पाहिजे. त्याच्या हातात मोबाइल द्या, पण स्कॅनच्या आकड्यासाठी त्याला पळवू नका. पाणी विचारा, हातमोजे आहेत का ते बघा.

आमची मोठी अपार्टमेंट आहे. वेगळं काही?

रोज शंभर किलोंच्या वर कचरा होत असेल तर तुम्ही 'मोठे कचरा निर्माते' ठरता आणि ओल्या कचऱ्याची जिरवाजिरव आवारातच करायची जबाबदारी तुमच्यावर येते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच माणूस ठरवा, जो आठवड्यातून एकदा फोटोसह सांगेल काय चुकलं. रोज दहा जणांनी बोलू नये.

पूर आल्यावर या ॲपचा काही उपयोग आहे का?

सांगलीत हा प्रश्न विचारला जाणारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, भिजलेलं धान्य, फुगलेली कपाटं, वह्या आणि चिखल यांचे ढीग घरांच्या खिडक्यांपर्यंत होते. ओला-सुका असा भेद तिथं उरत नाही. रोजच्या तक्रारींचे ठरावीक प्रकारही कमी पडतात.

तरी उपयोग आहे, आणि तो आधीपासून तयार ठेवावा लागतो. कुठल्या रस्त्यावर कधी गाडी येणार, ढीग कुठल्या बाजूला लावायचा म्हणजे रुग्णवाहिकेला वाट राहील, हे पालिका एका सूचनेनं हजारो घरांना सांगू शकते. मेलेलं जनावर दिसलं तर त्याचा प्रकार ॲपमध्ये वेगळा आहे, तो आधी नोंदवा, रोगराई तिथून सुरू होते. औषधं, फवारणीच्या बाटल्या, ॲसिड, बॅटऱ्या चिखलात गेल्या असतील तर घमेल्यात बाजूला काढा, धान्याच्या ढिगात जाऊ देऊ नका.

आणि काहीही बाहेर टाकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा : भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, शिलाई मशीन, पोती. घाण लवकर बाहेर काढायची घाई असते आणि पंचनाम्याला माणसं येतात तोवर दाखवायला काही उरत नाही. मोबाइल भिजला असेल तर शेजाऱ्याच्या मोबाइलवर काढा.